'सुपरॲन्युएशन' म्हणजे जादा वार्षिकी नव्हे

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात खानापुरात आम्हा सेवानिवृत्त शिक्षकांच्या बैठकीत पेन्शनच्या कागदांवर वयोमानानुसार होणाऱ्या निवृत्तीसाठी येणाऱ्या 'सुपरॲन्युएशन' या शब्दाची फोड 'सुपर' आणि 'ॲन्युइटी', म्हणजे नेहमीपेक्षा जास्त मिळणारी वार्षिक रक्कम, अशी सांगण्यात आली आणि बहुतेकांना ती पटलीही. ही फोड चुकीची आहे.

या शब्दाच्या मुळाशी पैसा नसून वय आहे. लॅटिनमध्ये 'सुपर' म्हणजे वर किंवा पलीकडे आणि 'आन्नुस' म्हणजे वर्ष. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'सुपरआन्नातुस' हे विशेषण वर्षाहून मोठ्या झालेल्या गुरांना लावत. 17 व्या शतकात इंग्रजीत तो शब्द वयामुळे कामातून गेलेल्या माणसासाठी रूढ झाला, आणि त्या माणसाला मिळणारी रक्कम हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. ब्रिटनमध्ये 1834 साली सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा याच नावाने झाला. 'ॲन्युइटी'ही 'आन्नुस'पासूनच आली असली, तरी ती या शब्दाचा घटक नव्हे, भाऊबंद आहे.

मी हे सांगितल्यावर, आपली गणना गुरांत झाली म्हणून काही वडीलधाऱ्यांना वाईट वाटले. त्यांना मी आपलेच 'वासरू' दाखवले. ते संस्कृत 'वत्स'पासून आले असून 'वत्स' आणि 'संवत्सर' यांचे मूळ एकच, वर्षवाचक, मानले जाते. दावणीच्या जनावराचे वय वर्षाने मोजणाऱ्या शेतकऱ्यांनीच दोन्हीकडे हे शब्द घडवले, यात मला तरी कमीपणा दिसत नाही.

चुकीच्या फोडीमुळे मात्र माणसे हेलपाटे घालतात. ठरलेले वय पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याचे ते सुपरॲन्युएशन पेन्शन. स्वेच्छेने आधी निवृत्त होणाऱ्याचा प्रकार वेगळा. कागदावरचे 'सुपर' वाचून जादा रक्कम कोठे अडली, असे विचारत ट्रेझरीच्या पायऱ्या चढणारे वृद्ध मी पाहिले आहेत.

महाराष्ट्राच्या शासकीय मराठीत 'सुपरॲन्युएशन'साठी 'नियत वयोमान' असे म्हणतात, तर कर्नाटकच्या आदेशांत 'वयोनिवृत्ती' हा शब्द येतो. सीमाभागात कन्नड कागद वाचताना आमच्या लोकांची किती ओढाताण होते, हे मी रोज पाहतो. तरीही हा शब्द कन्नडकडून घेण्यात मला संकोच वाटत नाही, कारण त्याचे दोन्ही घटक संस्कृत आहेत आणि मराठी माणसाला ते न सांगता कळतात. आपल्या दैनिकाच्या पेन्शनविषयक बातम्यांत 'वयोनिवृत्ती वेतन' असे छापावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त मराठी शिक्षक,
खानापूर, जि. बेळगाव