काकाजी, आमच्या गावाची सिनेमाची वही तुमच्यामुळं झाली

आदरणीय काकाजी,

सप्रेम नमस्कार.

समोर बसून तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "राहू दे वं बाई, चहा मांड" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. ज्या ज्या गावात समाजमंदिर आहे आणि एक पांढरी भिंत आहे, तिथल्या लोकांना तुम्ही आमच्यासाठी काय केलं ते कळावं असं मला फार वाटतं.

गेल्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर आमच्या वाचनालयानं ठरवलं, दर शनिवारी रात्री समाजमंदिरात एक सिनेमा दाखवायचा. प्रोजेक्टर मिळाला, स्पीकर मिळाला, सतरंज्या हनुमान मंदिरातून आल्या. अडलं ते एकाच प्रश्नावर: सिनेमा कोणता? पोरांना 'सैराट' पाहिजे, भजनी मंडळाला 'संत तुकाराम', माझ्या वयाच्या बायांना 'माहेरची साडी', आणि पारावरच्या मंडळींचा एकच धोशा, 'शोले'. प्रत्येकाला वाटत होतं की आपलाच सिनेमा खरा, बाकीच्यांना काही समजत नाही. बैठकीत आवाज चढले. दोघंजण तर उठून गेले. तेव्हा कुणीतरी म्हणालं, फाट्यापलीकडच्या गावात टॉकीजवाले काकाजी राहतात, त्यांना बोलवा.

तुम्ही आलात आणि आधी सगळ्यांचं ऐकून घेतलं. तरुणपणी तंबूच्या टॉकीजसोबत जत्रा-जत्रा फिरलेला, पुढं तालुक्याच्या टॉकीजमध्ये ती बंद पडेपर्यंत मशीन चालवलेला माणूस, एवढंच आम्हाला माहीत होतं. तंबूत मशीन एकच असायची, त्यामुळं रीळ संपलं की सिनेमा थांबायचा आणि दुसरं रीळ चढेस्तोवर पब्लिक शिट्ट्या मारायचं. कार्बनच्या कांड्या जळत जळत आखूड व्हायच्या, त्या सारख्या जवळ सरकवाव्या लागायच्या, नाहीतर पडदा काळवंडायचा. हे तुम्ही पोरांना सांगितलं तेव्हा ती मोबाईल खिशात घालून ऐकत होती. आणि मग म्हणालात, "म्या पडद्याकडं कमी पाह्यलं, पब्लिककडं जास्त." तुमच्या सगळ्या सल्ल्याचं मूळ मला त्या वाक्यात सापडलं.

तुम्ही आम्हाला सिनेमांची यादी दिली नाही. दोनशे पानी वही आणायला लावली. नियम सांगितला: ज्याला जो सिनेमा आवडतो त्यानं तो लिहायचा, पण तीन गोष्टींसह. त्यातली कोणती जागा मनात राहिली, तो कुणाला दाखवावासा वाटतो, आणि का. "लय मोठा सिनेमा हाये म्हून नोका लिवू. कोनाले दाखवाव वाटते थे लिवा." प्रत्येकाला दहाच सिनेमे. अकरावा लिहायचा तर आधीचा एक खोडायचा. आणि ज्याचा सिनेमा लागेल त्यानं शेवटपर्यंत सतरंजीवर लोकांसोबत बसायचं, अधूनमधून बाहेर जाऊन खर्रा घोटायचा नाही.

त्यानंतर भांडणाचा सूरच बदलला, काकाजी. 'माझा सिनेमा चांगला' म्हणणं सोपं असतं. 'ही जागा मला माझ्या बहिणीला दाखवायची आहे' असं लिहायला माणसाला जरा आत उतरावं लागतं.

कॉलेजातल्या त्या पोरानं मोबाईलवर जगातल्या थोर सिनेमांची यादी आणली होती, ती तुम्ही किती मन लावून ऐकलीत! लंडनचं 'साइट अँड साउंड' हे मासिक १९५२ पासून दर १० वर्षांनी समीक्षकांकडून प्रत्येकी १० सिनेमे मागवतं. पहिल्या खेपेला इटलीचा 'बायसिकल थीव्ज' वर आला, तेव्हा तो येऊन चारच वर्षं झाली होती. मग १९६२ पासून २००२ पर्यंत 'सिटिझन केन', २०१२ मध्ये 'व्हर्टिगो', आणि २०२२ मध्ये शांताल आकेरमान या बाईंचा १९७५ सालचा 'जान दिलमान'. एका विधवा बाईचा स्वयंपाक, भांडी, बटाटे सोलणं, असा तीन तासांहून मोठा सिनेमा. पोरं हसायला लागली. तुम्ही नाही हसलात. म्हणालात, "त्याइचाबी एक नंबर बदलतेच ना? मंग आपला बदलला तं काय झालं. अन् बाईचं घरकाम तीन घंटे दाखोते म्हन्ते, थो तं पाह्यलाच पाह्यजे." मागच्या रांगेतल्या बायांनी माना वर केल्या, हे तुम्ही पाहिलं असेलच.

'शोले'ची रात्र मी विसरणार नाही. पारावरच्या मंडळींनी गब्बरचे सगळे संवाद पडद्याच्या आधी म्हणून दाखवले, आणि तुम्ही त्यांना एकदाही गप्प केलं नाही. मला आतून वाटत होतं की इतका घासून झालेला सिनेमा कशाला पुन्हा. तुम्ही सुरू व्हायच्या आधी एवढंच विचारलं होतं: "गब्बर साऱ्याइले पाठ हाये. पन संध्याकाळी एक एक कंदील इझोनारी बाई कोनाले आठोते?" मग ती जागा आली. वरच्या मजल्यावर पांढऱ्या लुगड्यातली राधा दिवे मालवते आहे, खाली जय माउथऑर्गन वाजवतो आहे, दोघंही बोलत नाहीत. समाजमंदिरात इतका वेळ चाललेला गलका थांबला. आमच्या गावात तरुणपणी पांढरं कपाळ झालेल्या बाया आहेत, त्या तिथंच बसल्या होत्या. १९७५ पासून हा सिनेमा गावाच्या तोंडी आहे आणि ती बाई आम्हाला दिसायची बाकी होती. दुसऱ्या दिवशी वहीत एका म्हाताऱ्या आजोबांनी 'शोले'समोर 'गब्बर' खोडून 'कंदील' लिहून घेतलं, नातवाकडून.

'संत तुकाराम' लागला तेव्हा मला वाटलं होतं की तो फक्त भजनी मंडळाचा. १९३६ सालचा, प्रभातचा, आवाज खरखरीत. पण बाया अडकल्या त्या जिजाईत. आजारी लेकराला ओढत देवळात नेऊन विठ्ठलावर खेटर उगारणारी, म्हशीवर जीव टाकणारी, आणि शेवटी वैकुंठाचं विमान दाराशी आलं तरी लेकरांपायी मागं राहणारी. कौंडण्यपूरच्या पालखीसोबत पायी जाऊन आलेल्या एका मावशीनं वहीत लिहिलं, 'माझ्या मालकाले दाखवाचा आहे.' का, या रकान्यात तिनं काहीच लिहिलं नाही. गरजही नव्हती.

'दो बीघा जमीन' तुम्ही सुचवलात. ६५ रुपयांचं देणं जमीनदाराच्या हिशेबात २३५ होतं, तिथं पुरुषमंडळी ताठ बसली, ती शेवटपर्यंत.

'पथेर पांचाली' मात्र मी वहीत लिहिला होता आणि मलाच धास्ती होती. बंगाली भाषा, खाली इंग्रजी अक्षरं, कोण बसणार? तुम्ही म्हणालात की मुक्या सिनेमाच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारा माणूस असायचा, आपणही सांगू. तुम्ही भिंतीजवळ खुर्ची टाकलीत आणि जिथं लागेल तिथंच, हळू आवाजात, दोन-दोन शब्द वऱ्हाडीत टाकत गेलात. पावसात भिजणाऱ्या दुर्गासाठी एक शब्दही बोलला नाहीत. अपू आणि दुर्गा काशफुलांच्या रानातून आगगाडी पाहायला धावतात तेव्हा म्हातारी माणसं एकदम बोलायला लागली: शकुंतला! यवतमाळ ते मूर्तिजापूर, दारव्ह्यावरून जाणारी आपली छोटी गाडी, जिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धूर सोडत होतं. पऱ्हाटीतून, म्हणजे कपाशीच्या शेतातून, असंच धावत गेल्याच्या आठवणी निघाल्या. बंद पडलेल्या रुळांवर खेळणाऱ्या आजच्या पोरांना त्या रात्री पहिल्यांदा कळलं की आपल्या गावाजवळून काय जात होतं. सत्यजित राय यांनी १९५५ साली बंगालमधल्या एका खेड्याची गोष्ट दाखवली, आणि आम्ही त्यात आमचं खेडं पाहत बसलो.

आणि आता ज्यासाठी मी हे पत्र खरं लिहायला घेतलं, ते.

'गाभ्रीचा पाऊस' मी माझ्या दहात पहिला लिहिला होता. सतीश मनवर यांचा, २००९ सालचा. आपल्या मातीचा, आपल्या बोलीचा. कापूस, कर्ज, न येणारा पाऊस, नवरा जीव देईल या भीतीनं त्याच्यावर सतत नजर ठेवणारी बायको. मला वाटत होतं की हा दाखवलाच पाहिजे, हा तर आपलाच. तुम्ही वही वाचली आणि मला बाजूला घेऊन म्हणालात, "बाई, सिनेमा लाखाचा हाये. पन ज्यानं थे भोगलं, त्याले पयले इचार." मग ज्या घरांनी हे भोगलं होतं, त्या घरांमध्ये आपण दोघं गेलो. तुम्ही ओट्यावर बसून, पाणी पिऊन, सरळ विचारलंत. एक जण म्हणाली दाखवा, लोकांना समजू द्या. दोघी म्हणाल्या, आत्ता नको. तुम्ही तिथंच सांगितलं, "मंग नाही दाखोत." दाखवा म्हणणारीला आम्ही तो वाचनालयात दार लावून दाखवला. सोबत ती, तिची बहीण आणि मी. सिनेमा संपल्यावर ती पुष्कळ बोलली. जे बोलली ते तिचं आहे, इथं लिहिणार नाही.

आवडता सिनेमा लोकांत वाटताना समोरच्याला 'नाही' म्हणायची जागा ठेवायची असते, हे मला कुठल्याच पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. वाचनालयात आता कुणाच्या हातात पुस्तक देतानासुद्धा मी आधी थांबून विचारते. त्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे. 'गाभ्रीचा पाऊस' माझ्या पानावर अजून पहिलाच आहे.

वहीची निम्मी पानं भरली. 'सैराट' तीसपेक्षा कमी वयाच्या जवळजवळ प्रत्येकाच्या पानावर आहे, आणि 'फँड्री' लिहिणारी पोरंही वाढताहेत. 'माहेरची साडी' अजून मजबूत आहे, आणि का आहे ते बायांनी इतकं नेमकं लिहिलंय की मी पूर्वीसारखी त्यावर नाक मुरडणार नाही. पण काकाजी, तुमचं पान कुठं आहे? विचारलं की "माह्ये हजार हायेत, दहा कुठून काढू" म्हणता. नियम तुमचाच आहे, त्यातून तुम्हाला सूट नाही. यंदा सोयाबीन सोंगून झालं की पहिला शनिवार तुमच्या सिनेमाचा ठेवला आहे. नाव तेवढं आधी कळवा, म्हणजे शोधाशोध करता येईल. न्यायला पोरं गाडी घेऊन येतील, आणि मुक्काम आमच्याकडेच करायचा.

तुमची,
वाचनालयातली बाई