त्या एका पोटकलमाबद्दल

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फ्रँचायझी कराराचा मसुदा दोनदा वाचून काढला. रॉयल्टी, जाहिरात निधी, नूतनीकरण या पानांवर तुझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. करार संपुष्टात आणण्याच्या प्रकरणातलं शेवटचं पोटकलम मात्र कोरंच. 'फ्रँचायझीने वा तिच्या संलग्न व्यक्तीने कंपनीशी केलेल्या अन्य कोणत्याही करारातील कसूर ही या करारातीलही कसूर मानली जाईल.' इथे फ्रँचायझी म्हणजे तू, दुकान चालवणारी; कंपनी म्हणजे ब्रँडची मालक. वकील याला क्रॉस-डिफॉल्ट म्हणतात.

माझी दोन दुकानं होती तेव्हाची गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. पहिल्याची रॉयल्टी थकली होती, हिशेबावरून वादही चालू होता. एके दिवशी दोन पाकिटं आली. पहिल्यात अपेक्षित नोटीस. दुसऱ्यात त्या दुकानाची नोटीस, ज्याने एकही हप्ता चुकवला नव्हता! थकबाकी भरायला मुदत होती. पण दुसऱ्या दुकानात दुरुस्त करायचं काय, तेच कळेना. चूक तिथे नव्हतीच. पैसे उभे करून निभावलं, पण वादात माझं म्हणणं मांडायची ताकद त्या दिवशी गेली. या कलमाचा खरा उपयोग हाच असतो. दुकान बंद पाडायला ते क्वचितच लागतं, तुला गप्प बसवायला पुरेसं होतं.

तू म्हणतेस, प्रत्येक दुकानासाठी वेगळी कंपनी काढू. काढ, पण 'संलग्न' शब्दाची व्याख्या आधी बघ. ज्या ज्या कंपनीवर तुझा ताबा आहे त्या सगळ्या सहसा त्यात येतात, कधी कधी वैयक्तिक हमी देणारा जामीनदारसुद्धा. म्हणजे भिंती बांधल्या तरी दार उघडंच.

शिवाय 'अन्य कोणताही करार' म्हणजे फक्त दुसरं दुकान नव्हे. मालपुरवठा, कंपनीकडून घेतलेलं कर्ज, तिच्याकडून भाड्याने घेतलेली जागा, सगळं आलं. तुझ्या प्रकरणात सगळ्यात धोक्याचा आहे विकास करार, म्हणजे ठरावीक मुदतीत आणखी दुकानं उघडायचा करार. ठरलेल्या वर्षांत ठरलेली दुकानं उघडली नाहीत तर पुढच्या दुकानांचा हक्क जाणं समजू शकतो. पण चौथं वेळेत उघडलं नाही म्हणून चालतं पहिलं का जावं? एवढं तरी वगळून घेच.

कलम पूर्ण काढून टाकायला कंपनी सहसा तयार होत नाही. तिचीही बाजू आहे: एकीकडे पैसे बुडवणाऱ्याशी दुसरीकडे व्यवहार का चालू ठेवायचा? म्हणून माग ते मोजकं माग. नुसत्या कसुरीवर नाही, तर दुसरा करार मुदत देऊनही न सुधारल्यामुळे प्रत्यक्ष रद्द झाला तरच हे लागू व्हावं. किरकोळ चुका, म्हणजे उशिरा गेलेला अहवाल किंवा जुनी पाटी, यातून बाहेर. ज्या रकमेबद्दल खरा वाद आहे तीही बाहेर. आणि उलटंही विचार: कंपनीने एका करारात शब्द मोडला तर तुला दुसऱ्यातून सुटता येईल का? मसुद्यात तसं काही सापडलं नाही मला.

बँकेच्या कर्जाची कागदपत्रंही याच नजरेने वाच. फ्रँचायझी करार रद्द झाला की कर्ज एकरकमी मागायचा हक्क तिथे बहुधा लिहिलेला असतो.

आई म्हणते, पत्र मिळताच फोन कर. मी म्हणतो, आधी व्याख्यांचं पान वाच, मग कर.

तुझा,
बाबा