धिंड बघायला सगळे, साक्षीला कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तसलाच एक व्हिडिओ आला, कोयते नाचवणाऱ्या पोरांची पोलिसांनी त्यांच्याच एरियात धिंड काढलीये, पोरं लंगडत चालतायत, हात जोडतायत, आणि खाली टाळ्यांचे इमोजी आणि "कोर्टात नेऊच नका, तिथेच ठोका" असले मेसेज. राग मला कळतो. माझी स्वतःची गाडी असल्याच पोरांनी फोडलीये, त्यामुळे "तुमच्यावर वेळ आली की कळेल" हे मला कुणी सांगू नये.

साडेचार वर्षं झाली त्याला. धनकवडीत, रात्री पावणेदोनला, चौघांनी आमच्या गेटपासून कोपऱ्यापर्यंत ओळीने अकरा गाड्या फोडल्या. गॅलरीत निदान वीस जण उभे होते, मी मोजले नाहीत पण लाइटी पेटलेल्या दिसत होत्या. सकाळी पोलीस जबाब घ्यायला आले तर जो तो म्हणाला आम्ही झोपलो होतो. शेवटी जबाब दिले दोघांनीच, मी आणि तळमजल्यावरच्या काकू.

समन्स यायला तीन वर्षं गेली. पहिल्या तारखेला सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले, दुसऱ्या तारखेला आरोपीचा वकील आला नाही, तिसऱ्या वेळी आमचा पुकारा झाला. तोपर्यंत तिन्ही दिवस आम्ही व्हरांड्यातल्या बाकड्यावर, आणि समोर हाताच्या अंतरावर तेच आरोपी, जामिनावर सुटलेले. त्यातल्या एकाने काकूंना एवढंच विचारलं, "काकू, अजून तिथंच राहता ना?" काकूंना पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येईना, इतके हात थरथरत होते. मी उघडून दिलं. आत गेल्यावर त्या म्हणाल्या, अंधार होता, नीट दिसलं नाही. त्यांना फितूर ठरवलं गेलं. मी दोघांना ओळखलं, निकाल अजून लागायचाय.

मला काकूंचा राग येत नाही. राग येतो तो "कोर्टात काही होत नाही हो" म्हणणाऱ्यांचा, कारण कोर्टात काही व्हायला कुणीतरी जाऊन सांगावं लागतं ना! जोशी-अभ्यंकर हत्याकांडाच्या दिवसांत, म्हणजे 1976-77 ला चार तरुणांनी घरात घुसून एकामागून एक खून पाडले तेव्हा, पुणं अंधार पडला की दारं लावून घ्यायचं असं आई सांगायची, तरी त्या चौघांवर रीतसर खटला चालला आणि 1983 मध्ये येरवड्यात फाशी झाली ती साक्षीपुराव्यावर. उलट 2019 ला हैदराबादमध्ये एका तरुणीच्या बलात्कार-खुनातले चार आरोपी पोलिसांनी चकमकीत मारले तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, आणि 2022 मध्ये त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाने सांगितलं की गोळ्या जीव घ्यायच्या हेतूनेच झाडल्या आणि मेलेल्या चौघांपैकी तिघं अल्पवयीन होते. त्या चौघांवर आता खटला कधीच चालणार नाही, म्हणजे जिचा जीव गेला तिच्या घरच्यांनाही कोर्टाचा निकाल कधी ऐकायला मिळणार नाही. त्या फुलांचा त्यांना काय उपयोग झाला?

साक्षीदारांना संरक्षण देण्याची योजना सुप्रीम कोर्टाने 2018 मध्येच मान्य केलीये. जुलै 2024 पासून फौजदारी खटल्यांसाठी जो नवीन कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या 398 कलमात राज्यांनी अशी योजना करावी असं लिहिलंय, आणि सरकारने ठरवून दिलेल्या जागेवरून ऑडिओ-व्हिडिओने साक्ष नोंदवायचीही सोय आहे. कागदावर सगळं आहे, पण समन्स घेऊन आलेल्या हवालदारांनी आम्हाला यातलं एक अक्षर सांगितलं नाही, आणि मलाही हे नंतर शोधल्यावर कळलं.

गृहखात्याने समन्सच्याच कागदावर मराठीत छापावं की भीती वाटत असेल तर अर्ज कुठे करायचा. साक्षीदारांना बसायला आरोपींपासून वेगळी खोली द्यावी, अगदी दोन खुर्च्यांची असली तरी चालेल, आणि तारीख पडणार असेल तर सकाळीच मोबाईलवर मेसेज टाकावा. काकूंना आता दुसऱ्या एका केसमध्ये पंच म्हणून बोलावलं होतं, त्यांनी पोलिसांना दार उघडलं नाही.

आपला,
एक वाचक, धनकवडी, पुणे