नकाशाचे शिक्षण केवळ संगणकावर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत भूस्थानिक विज्ञान आणि नकाशा-तंत्रज्ञान या अभ्यासक्रमांविषयी आलेला लेख वाचला. जीआयएस (संगणकावरील भौगोलिक माहिती प्रणाली), सुदूर संवेदन (उपग्रह वा विमानातून दुरून केलेले निरीक्षण), ड्रोन सर्वेक्षण या क्षेत्रांतील संधींची माहिती उपयुक्त असली, तरी हा विषय म्हणजे दोन-तीन सॉफ्टवेअर हाताळता येणे, असा समज त्यातून होईल असे वाटते. हा विषय शिकून पुढे बरीच वर्षे महाविद्यालयात शिकवत असल्यामुळे लिहिण्याचे धाडस करत आहे.

सुरुवात स्वतःच्याच चुकीपासून करते. पदवीच्या शेवटच्या वर्षी मी उपग्रह प्रतिमेवरून एका तलावाचे क्षेत्रफळ काढले होते आणि आकडा दशांश चिन्हापुढे चार स्थळांपर्यंत मोठ्या दिमाखात छापला होता. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची रीत) कोणते, एवढेच विचारले. ते मी पाहिलेच नव्हते. संकेतस्थळांवरील नकाशांसाठी सर्रास वापरले जाणारे वेब मर्केटर तसेच ठेवून मी मोजणी केली होती. नकाशाकार मर्केटरने १५६९ मध्ये मांडलेले मूळ प्रक्षेपण दर्यावर्दींसाठी होते. त्यात दिशेचा कोन बिघडत नाही, पण त्याची किंमत क्षेत्रफळाला मोजावी लागते. वेब मर्केटरने हा दोष जसाच्या तसा उचलला आहे. विषुववृत्तापासून २० अंशांवर क्षेत्रफळ सुमारे १३ टक्क्यांनी फुगते आणि ६० अंशांवर ते चौपट होते. सॉफ्टवेअरने कोणतीही सूचना दिली नव्हती, कारण त्याच्या दृष्टीने मी सांगितलेले गणित त्याने अचूक केले होते.

डेटमचेही, म्हणजे स्थान मोजण्यासाठी धरलेल्या आधाराचेही, असेच आहे. अक्षांश-रेखांश हे स्वयंपूर्ण आकडे नव्हेत. पृथ्वीचा आकार कोणता धरला आणि तो कुठे बसवला, हे कळल्याशिवाय ते अपुरे राहतात. १८३०च्या एव्हरेस्ट लंबगोलात पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६,३७७ किलोमीटर २७६ मीटर धरलेली आहे, तर जीपीएस वापरते त्या डब्ल्यूजीएस-८४मध्ये ती ६,३७८ किलोमीटर १३७ मीटर आहे. असे दोन वेगवेगळ्या आधारांवरचे लेयर (नकाशाचे थर) रूपांतर न करता एकमेकांवर ठेवले, की रस्ता खुशाल विहिरीतून जातो आणि विद्यार्थी विहीर सरकवून मोकळा होतो.

या गोष्टी फळ्यावर सांगता येतात, पण अंगवळणी पडतात त्या बाहेर उन्हात. जीपीएसला स्थान काढण्यासाठी किमान चार उपग्रह लागतात, हे पाठ करणे सोपे आहे. जमिनीत ठोकलेल्या एकाच खुंटीची स्थाने आधी मोकळ्या आकाशाखाली घ्यावीत, मग उंच भिंतीलगतच्या खुंटीवर तेवढ्याच नोंदी कराव्यात आणि दोन्ही संच पडद्यावर मांडावेत; भिंतीवरून परावर्तित झालेल्या संकेतांमुळे दुसऱ्या संचातले बिंदू कसे विखुरतात, हे पाहिलेला विद्यार्थी मोबाइलवरच्या निळ्या ठिपक्याकडे पुन्हा पूर्वीच्या भाबडेपणाने पाहत नाही.

गेल्या वर्षी समतलनाच्या (उंचीतील फरक मोजण्याच्या) सरावात एका गटाची फेरी मूळ बिंदूवर परतली, तेव्हा उंचीत तब्बल ९ सेंटिमीटरचा फरक निघाला. मुलांनी तो सर्व नोंदींत वाटून टाकण्याची तयारी चालवली होती, कारण पुस्तकात तशी रीत दिलेली असते. परंतु वाटून टाकायचा तो मर्यादेत बसणारा अटळ फरक. इथे एका ठिकाणी उपकरणाचा बुडबुडा मध्यावर न आणताच पट्टी वाचली गेली होती. दुपारी फेरी पुन्हा झाली. कुरकुर झाली, हे वेगळे सांगायला नको.

सुदूर संवेदनातही प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेली पडताळणी टाळता येत नाही. लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमेतील ३० मीटरच्या एका पिक्सेलमध्ये (प्रतिमेच्या एका चौकोनी ठिपक्यात) ९०० चौरस मीटर जमीन सामावते. तिच्यात पीक, बांध आणि पडीक तुकडा एकत्र असला, तर वर्गीकरणाने दिलेला एकच रंग कितपत खरा, हे तिथे गेल्यावरच समजते.

असे असताना माझ्या माहितीतील एका महाविद्यालयाने आठ दिवसांचे सर्वेक्षण शिबिर एका दिवसावर आणले आणि वाचलेले तास सॉफ्टवेअरला दिले. प्रवास, परवानग्या, सुरक्षितता यांच्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या मी शिक्षिका म्हणून दरवर्षी अनुभवते. मात्र पैशांचे कारण पुरते पटत नाही. क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, लँडसॅटचा १९७२पासूनचा प्रतिमासंग्रह २००८पासून मोफत खुला आहे आणि सेंटिनेल-२ उपग्रहांच्या १० मीटरच्या प्रतिमाही तशाच मिळतात. प्रयोगशाळेवरचा वाचलेला खर्च उपकरणे आणि प्रवासाकडे वळवता येईल.

आपण या विषयावर पुन्हा लिहिणार असाल, तर प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाला काय विचारावे, हेही छापावे, ही विनंती. वर्षात किती दिवस बाहेर काम असते, एका उपकरणामागे किती विद्यार्थी असतात, आणि प्रकल्पातील नकाशावर प्रक्षेपण, डेटम व अपेक्षित त्रुटी लिहिणे सक्तीचे आहे का, एवढे तीन प्रश्न तरी त्यात असावेत.

आपली विश्वासू,
नकाशाशास्त्राची एक शिक्षिका