मनूस, ट्रेनिंग इनचार्ज झाल्याबद्दल

प्रिय मनू,

काल तू घाईत होतीस म्हणून लिहितोय. नवीन बॅचचं ट्रेनिंग तुझ्याकडे दिलं हे ऐकून आईने लगेच देवापुढे साखर ठेवली. मी तर नाक्यावर सगळ्यांना सांगत सुटलो की बीएसएल-थ्री लॅबमध्ये, म्हणजे जिथे जीवघेणे जंतू हाताळतात तिथे, कोणी पाय ठेवायचा, हे आता आमची मुलगी ठरवणार.

पण नंतर तू त्या मुलाचं सांगितलंस ना, ते डोक्यातून जाईना. व्हायरस नाही, नुसती चमकणारी पावडर लावून सराव, बाहेरचा ग्लोव्ह फाटला तरी तो गप्प राहिला आणि यूव्ही लाइटखाली मनगट चमकलं तेव्हा कळलं. तू त्याला सगळ्यांसमोर झापलंस. चूक त्याचीच गो, पण आता बाकीचे काय शिकले? विजेच्या लाइनवर आमचे तात्या होते, हेड लाइनमन. पोरगं खांबावरून उतरलं की आधी विचारायचे, काय राहिलं? अर्थिंग करायचं विसरलो असं कोणी कबूल केलं की त्याला चहा पाजायचे, मग समजावायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत त्यालाच घेऊन जायचे. त्यांच्यापासून कोणी काही लपवलं नाही. तुझ्याकडे तर दिसतही नाही काही, आतली हवा बाहेर जाऊ न देणारं निगेटिव्ह प्रेशर, ती गाळणारे हेपा फिल्टर सगळं असलं तरी ग्लोव्ह फाटला हे माणसानेच तोंडाने सांगायला हवं ना.

लेक्चर झालं, सॉरी. तुला तुझं काम कळतं.

बीजिंगचं तूच सांगितलेलंस, २००४ चं. सार्सचा व्हायरस मेलाय असं धरून साध्या लॅबमध्ये नेला, तो पुरता मेलाच नव्हता, एक विद्यार्थिनी आजारी पडली, ती वाचली पण तिची सेवा करणारी आई गेली. तू ते ट्रेनिंगला सांगतेस म्हणालीस, जरूर सांग. मला मात्र ती पोरगीच दिसत राहते. म्हणून एवढंच की ताप आला तर त्याच दिवशी सांग. लॅबच्या डॉक्टरला सांग, मी काय हाताळते तेही सांग, नुसतं व्हायरल म्हणून क्रोसिन घेऊन झोपू नकोस.

२०१६ आठवतं ना? दोडामार्गात माकडं मरून पडायला लागली, ऐन काजूच्या सीझनला माणसं तापाने आडवी झाली, गोचीड चावून माकडताप होतो हे अर्ध्या गावाला तेव्हा कळलं. बाबलकाकांनी ताप अंगावर काढला. तू त्यांच्या खळ्यात उभी राहून म्हणालीस की मी हेच शिकणार, आणि आई दिवसभर तुझ्याशी बोलली नाही. मी काही बोललो नाही पण त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटलेला, तो अजून तसाच आहे, भीती पण तशीच आहे.

आणि तू पण अंगावर काढतेस, लहानपणापासून. परीक्षेच्या वेळचं विसरलो नाहीये मी. पोरांना सांगायला शिकवतेस तर आधी स्वतः सांग, ते तुझ्याकडे बघूनच शिकणार. दमली असशील त्या दिवशी आत जाऊ नकोस, दुसऱ्याला पाठव.

त्या मुलाला उद्या एकट्याला बोलाव, चहा पाज.

आई काजूगर पाठवतेय सावंतांच्या गाडीने, रविवारी घे. तापाचं परत नाही काढणार. थर्मामीटर आहे ना रूमवर? नसेल तर आजच घे.

तुझे,
बाबा