अंतराळाच्या गेममध्ये उघडी चेनगाडी हवीच

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत रोलप्लेइंग गेम्सवर (टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट खेळायची ते गेम्स) लेख आला, खूप बरं वाटलं, मराठीत यावर कोणी लिहितच नाही. पण अंतराळाच्या गेमचा विषय निघाला की सगळं यान आणि लेझर गनवरच थांबतं, आमच्या ग्रुपमध्ये नवीन येणारी पोरं पण तेच मागतात, म्हणून हे पत्र. माझं स्पष्ट मत आहे की खेळ खरा रंगतो तो यान उतरल्यावर, म्हणजे पाच टन सामान लांबच्या तळावर पोचवायचंय आणि रस्ताच नाही, तेव्हा. तिथे लागते वर छप्पर नसलेली, चेनवर चालणारी माल वाहायची गाडी.

चेन का, ते नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापणारे पोकलेन ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. तरी हिशोब देतो. मी गेमसाठी कागदावर बनवलेली गाडी रिकामी ४ टन, माल ५ टन, प्रत्येक चेन जमिनीला टेकते ३ मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद, म्हणजे दोन्ही मिळून ३ चौरस मीटर, आणि ९ टन त्यावर पसरले की दर चौरस सेंटीमीटरला फक्त ३०० ग्रॅम. चालणारा माणूस एका पायावर येतो तेव्हा साधारण एवढाच दाब देतो! ऐरोलीच्या खाडीतल्या चिखलात तुम्ही जेवढे रुताल साधारण तेवढीच ही भरलेली गाडी रुतेल, हे टेबलावर सांगितलं की पोरांचे डोळे चमकतात.

आणि उघडी का, तर हवा भरलेली केबिन नको, एअरलॉक (हवा बाहेर न जाऊ देता आत-बाहेर करायची दुहेरी दारांची खोली) नको, क्रेनने वरून माल सरळ ठेवता येतो, गाडी हलकी आणि स्वस्त. बदल्यात सगळ्यांनी स्पेससूट घालायचा, ऑक्सिजन मोजायचा, आणि धूळ खायची. हे कल्पनेतलं नाही, अपोलो १५, १६ आणि १७ ची चंद्रावरची गाडी उघडीच होती (चाकांची होती, चेनची नाही), आणि १९७२ साली अपोलो १७ मध्ये तिचा मडगार्ड तुटला आणि धूळ अंगावर उडायला लागली तेव्हा अंतराळवीरांनी नकाशे टेपने जोडून नवा मडगार्ड केला. यापेक्षा चांगला प्रसंग कुठला गेममास्टर (खेळ चालवणारा, गोष्ट सांगणारा) लिहिणार?

मंगळावर तर अजून मजा आहे. तिथे गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के, त्यामुळे वजन कमी होतं पण वस्तुमान तेवढंच राहतं, म्हणजे चेनची पकड कमी आणि थांबवायचे ९ टन तेच, त्याच वेगाला ब्रेक लागायला अडीच पटीहून जास्त अंतर लागतं. उतारावर ड्रायव्हर असलेल्या खेळाडूला हे कळतं तेव्हा तो स्वतःहून वेग कमी करतो, नियम सांगावा लागत नाही. डिझेल इंजिनही तिथे चालणार नाही, तिथल्या विरळ हवेत डिझेल जळायला ऑक्सिजन जवळपास नाहीच, बॅटरी लावा. वळताना एक चेन अडवून दुसरी ओढायची, घाई केली की चेन उतरते, मग वादळ येत असताना सूट घालून चेन चढवा. १९७७ च्या ट्रॅव्हलर या अंतराळाच्या रोलप्लेइंग गेमपासून दोन साधे फासे टाकून ८ किंवा जास्त आले तर काम जमलं अशी पद्धत आहे, म्हणजे ३६ मधल्या १५ वेळाच, आणि अशा वेळी फासे टाकताना अख्खी खोली शांत होते.

तर विनंती अशी की पुरवणीत महिन्यातून एकदा अशी एक गाडी किंवा यंत्र छापा, चित्रासकट, मापं टन आणि किलोमीटरमध्ये, आणि प्रत्येक आकडा कसा आला ते पण द्या म्हणजे आठवी-नववीची मुलं स्वतः बदलून बघतील. पहिल्यासाठी ही चेनगाडी मी आनंदाने लिहून देईन.

एक वाचक, उलवे, नवी मुंबई