ऑइल कूलर बसवून देणाऱ्या मिस्त्रीकाकांचे जाहीर आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

यंदाचा नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सरला आणि आपण बसवलेल्या ऑइल कूलरमुळे, म्हणजे इंजिनातले तापलेले ऑइल वाऱ्यावर थंड करणाऱ्या जाळीमुळे, गाडी एकदाही रस्त्याच्या कडेला उभी करावी लागली नाही, म्हणून हे पत्र. समोर उभे राहून आभार मानू लागलो की आपण दुसऱ्या गाडीच्या बॉनेटखाली डोके घालता. तेव्हा लिहूनच मानतो.

जुन्या कॉन्टेसाच्या १.८ लिटर इसुझू इंजिनाला मी टर्बो जोडल्यापासून नागपूरहून अमरावती रस्त्यावर बाजारगाव येईपर्यंत ऑइल प्रेशरचा काटा खाली बसू लागे. पाण्याचा काटा मात्र मध्यावर असे, आणि तरीही एका गॅरेजने दोनदा रेडिएटर साफ करून पैसे घेतले. आपण इंजिन न खोलता आधी ऑइल चेंबरच्या ड्रेन बोल्टच्या जागी तापमानाचा सेन्सर बसवलात आणि बाहेर ४४ अंश असताना ऑइल १३४ अंशांवर गेलेले, म्हणजे प्रेशर टिकणार नाही इतके तापून पातळ झालेले, मला माझ्याच डोळ्यांनी पाहायला लावलेत.

त्यानंतर मी कबाड्याकडून ट्रकचा भला मोठा कूलर स्वस्तात उचलून आणला, तो आपण हातातही घेतला नाही. ज्या इंजिनाचे बेअरिंग गेले असेल त्याचा चुरा कूलरच्या बारीक नळ्यांत अडकून राहतो, कितीही धुतला तरी पुरता निघत नाही आणि पुढे आपल्याच इंजिनात उतरतो, हे ऐकल्यावर तो कबाड्याला परत करताना मला मुळीच वाईट वाटले नाही. नवा घेतानाही माझी नजर २५ ओळींच्या, म्हणजे ऑइल वाहणाऱ्या नळ्यांच्या २५ रांगांच्या, कूलरवर होती. आपण १३ ओळींचा घ्यायला लावलात आणि ऑइल फिल्टरखाली बसणाऱ्या, कूलरचे पाइप जोडायच्या सँडविच प्लेटमध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावरच ऑइल कूलरकडे सोडणारी झडप, असलाच पाहिजे, असा हट्ट धरलात. डिसेंबरच्या सकाळी ऑइल नीट तापलेच नाही तर त्यात उतरलेला ओलावा आणि पेट्रोल उडून जाणार कसे, या आपल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

पण खरी शिकवण बसवण्यात होती. मी कूलर रेडिएटरला चिकटवून, त्याच्या जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून बांधायला निघालो होतो. आपण तो बंपरमागे एका बाजूला, चार रबरी बुशांवर, पाइप जोडायची दोन्ही तोंडे वर ठेवून बसवलात, म्हणजे आत हवेचा बुडबुडा अडकू नये. समोरून पत्र्याची वाट काढून दिल्यावर मी खूश झालो, तेव्हा आपण मागचा बंद पत्रा दाखवून म्हणालात, "बाप्पा, हवा आत येईन, पण निघन कोठून?" घरचा खसचा कूलर दार-खिडक्या लावून चालवला की खोलीत नुसती उमस होते, हे नागपूरकराला सांगावे लागावे, याची मला लाज वाटली. मागचा पत्रा कापल्यावर फरक सात अंशांचा पडला.

पाइप जोडताना आपण एका पान्याने कूलरचे ॲल्युमिनियमचे तोंड धरून ठेवायचात आणि दुसऱ्याने नट आवळायचात. तो डावा हात मी विसरणार नाही, कारण मी एकट्याने आवळला असता तर तोंड पिळले जाऊन तिथेच चीर गेली असती. पाइप चॅसिसच्या कडेला घासतो तिथे ट्यूबचा तुकडा गुंडाळणे, इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची तार काढून ऑइलचे प्रेशर दिसेपर्यंत थांबून थांबून स्टार्टर मारणे, मग कमी पडलेले ऑइल भरणे, यातले एकही काम आपण घाईने उरकले नाही.

आता कोंढाळीपर्यंत भर दुपारी गेलो तरी ऑइलच्या तापमानाचा काटा ११० अंशांच्या पुढे जात नाही. मजुरीचा आकडा आपण अजून सांगितलेला नाही, तो येत्या रविवारी ऐकल्याशिवाय मी हलणार नाही. शिवाय ऑइल बदलताना, तोंडे वर असलेल्या त्या कूलरमध्ये उरणारे जुने ऑइल काढायचे कसे, हेही विचारायचे आहे.

आपला ऋणी,
कॉन्टेसावाला